संचार साथी ॲप: काम चांगलं करतंय, पण फोनात ठेवायचं का नाही ते मी ठरवणार

रेटिंग आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. संचार साथी म्हणजे चोरीला गेलेला फोन ब्लॉक करायची आणि आपल्या नावावरची सिम बघायची दूरसंचार विभागाची सोय. तिची वेबसाईट, पाचपैकी साडेचार. तेच काम करणारं मोबाईल ॲप, पाचपैकी तीन. आणि ते ॲप सगळ्या नव्या फोनमध्ये कंपनीतूनच टाकून यावं असा जो आदेश नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी निघाला होता त्याला शून्य, आदेश मागं घेतला तरी शून्यच. का ते खाली सविस्तर लिहितोय, लांबलंय, पण विषय सगळ्यांच्या खिशातला आहे म्हणून वाचा.

माझं लातूरला मोबाईलचं दुकान आहे, गंजगोलाईपासून चालत येण्याइतकं जवळ, नवे-जुने फोन विकणं आणि रिपेअरिंग दोन्ही. आपल्याकडचं गिऱ्हाईक म्हणजे अर्धं ट्यूशनवालं आणि अर्धं मार्केट यार्डातलं. नीटच्या तयारीला अहमदपूर, उदगीर, देवणी, पार नांदेड-परभणीकडून आलेली लेकरं, बापानं सोयाबीनच्या पैशातून घेऊन दिलेला फोन, आणि तो मेसच्या रांगेतून नाहीतर रूमवरून गेला की ते लेकरू काउंटरसमोर येऊन उभं राहतं, घरी कसं सांगू म्हणून. महाशिवरात्रीला सिद्धेश्वरच्या यात्रेत गर्दी झाली की दुसऱ्या दिवशी दुकानात हीच गर्दी. आधी आम्ही सगळे दुकानदार एकच सांगायचो, पोलीस स्टेशनला अर्ज दे, सिम बंद करून घे आणि फोन विसरून जा. दुसरं काही हातात नव्हतंच.

आता हातात काहीतरी आहे आणि ते खरंच कामाचं आहे, म्हणून पहिलं कौतुक. फोन ब्लॉक करायची सोय सीईआयआर नावानं सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, ती पण पहिल्यांदा आपल्या महाराष्ट्रात, मग दिल्लीत, आणि मे २०२३ पासून संचार साथी पोर्टलमधून सगळ्या देशात. ॲप जानेवारी २०२५ मध्ये आलं. प्रत्येक फोनला १५ आकडी आयएमईआय नंबर असतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर, चोरानं तुमचं सिम काढून गटारात फेकलं तरी तो नंबर फोनलाच चिकटलेला राहतो. पोर्टलवर तो नंबर टाकून ब्लॉकची रिक्वेस्ट दिली की साधारण २४ तासात देशातल्या कुठल्याच कंपनीच्या सिमवर तो फोन चालत नाही. आणि ब्लॉक असलेल्या फोनात कोणी सिम घातलंच तर त्याचा माग लागतो आणि ती माहिती पोलिसांकडं जाते.

यासाठी काय लागतं ते नीट लक्षात ठेवा कारण लोक इथंच अडकतात. पोलिसांकडं दिलेल्या तक्रारीची कॉपी, फोनचं बिल, तुमचं ओळखपत्र आणि हरवलेल्या नंबरचं डुप्लिकेट सिम, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. नवीन सिम घेतलं की त्याच्यावर एसएमएस सुरू व्हायला २४ तास जातात, हे कोणी सांगत नाही आणि लोक त्याच दिवशी ओटीपीची वाट बघत बसतात आणि मग म्हणतात वेबसाईट बोगस आहे. बोगस नाही, एक दिवस थांबा. बिल हरवलं असेल तर फोनच्या बॉक्सवर आयएमईआय छापलेला असतो, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो बॉक्स फेकू नका, आणि फोन हातात आहे तोवरच स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून नंबर वहीत लिहून ठेवा, फोनमध्येच सेव्ह करून ठेवू नका, फोन गेला तर तो पण गेला.

फोन परत मिळतो का? मिळतो, पण सगळ्यांना नाही. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला सरकारनंच सांगितलेले आकडे असे होते, ४२ लाखांवर फोन ब्लॉक, २६ लाखांवर फोनचा माग लागला आणि मालकाच्या हातात परत गेले साधारण ७ लाख. म्हणजे माग लागणं आणि फोन हातात येणं यात मोठी खिंड आहे आणि ती खिंड पोलीस ठाण्यात आहे. आमच्या एका गिऱ्हाईकाला, औसा तालुक्यातले मामा, फोनमध्ये सिम चालू झाल्याचं समजलं तरी ठाण्यात रोज उद्या या, साहेब बंदोबस्तात आहेत. मी ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण माणसं कमी आहेत आणि कामं जास्त हे पण तितकंच खरं. पण वेबसाईटचा पाचातला अर्धा स्टार तिथंच कापलाय.

दुसरी सोय जी मला धंद्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडली, ती जुना फोन घेताना आयएमईआय तपासायची. केवायएम लिहून पुढं तो १५ आकडी नंबर १४४२२ ला एसएमएस करायचा, नाहीतर वेबसाईटवर टाकायचा. कंपनी, मॉडेल सगळं येतं. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज असं आलं तर तो फोन हातात पण धरायचा नाही. सेकंड हँड घेणाऱ्या पोरांना मी हे त्यांच्याच फोनवरून करायला लावतो, माझ्या शब्दावर जाऊ नको, स्वतः बघ म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये टेलिकॉम सायबर सिक्युरिटीचे नियम बदलले, त्यात जुने फोन घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी आधी हे तपासायचंच असं आलंय, आणि मला ते पटतं. आयएमईआय बदलून देणारी माणसं या लाईनमध्ये आहेत, सगळ्यांना माहीत आहे, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत जेल आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. चोरीच्या फोनच्या धंद्याला आळा बसलाच पाहिजे, त्याच्यामुळं आमच्यासारख्या सरळ धंदा करणाऱ्यांवर पण संशय येतो.

तिसरी गोष्ट, तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघायची. नंबर टाका, ओटीपी टाका, यादी येते. एका माणसाच्या नावावर ९ पर्यंत सिम चालतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडं ६. बाजाराच्या दिवशी छत्री लावून फुकट सिम वाटणारे बसायचे ना, अंगठा लावून घ्यायचे, एकदा नाही दोनदा, पहिला आला नाही म्हणून, त्या दुसऱ्या अंगठ्याचं काय झालं ते या यादीत दिसतं. शेतातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावावर त्यांनी जन्मात बघितले नाहीत असे नंबर निघतात. त्याच्यापुढं 'नॉट माय नंबर' दाबायचं. मग कंपनी तपासते. काही रिक्वेस्ट पटकन निकाली निघतात आणि काही प्रोसेसमध्ये म्हणून पडून राहतात. पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं हे एकदा तरी बघाच, आज बघा.

चक्षू नावाचं पण आहे, फसवणुकीचा कॉल किंवा मेसेज कळवायला. ठीक आहे. फक्त एवढं समजून घ्या की पैसे गेले असतील तर चक्षूचा उपयोग नाही, तिथं वेळ घालवू नका, सरळ १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा.

तर एवढं सगळं चांगलं असताना ॲपला तीनच का, हे आता सांगतो.

वर सांगितलेलं प्रत्येक काम, परत सांगतो प्रत्येक, वेबसाईटवरून होतं. ब्लॉक, अनब्लॉक, सिमची यादी, आयएमईआय तपासणं, चक्षू. वेबसाईट तुमच्याकडून घेते काय, तर तुम्ही स्वतःच्या हातानं जे टाइप करता आणि जे कागद अपलोड करता तेवढंच. काम झालं, टॅब बंद केला, संपलं. ॲप अँड्रॉइडवर टाकलं की ते कॉल मॅनेज करायची, एसएमएस पाठवायची, कॉल आणि मेसेजच्या लॉगची, फोटो आणि फाइल्सची आणि कॅमेऱ्याची परमिशन मागतं, आयफोनवर त्याच्यापेक्षा कमी. प्रत्येक परमिशनला कारण दिलंय आणि ती कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही, एसएमएस रजिस्ट्रेशनसाठी, लॉग फसवणुकीचा कॉल निवडून कळवण्यासाठी, कॅमेरा बॉक्सवरचा बारकोड स्कॅन करण्यासाठी. पण वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या कामासाठी एवढी दारं कायम उघडी ठेवायची गरज काय? बारकोड स्कॅन करायचा कंटाळा म्हणून? १५ आकडे हातानं टाइप करा ना. आणि प्रायव्हसी पॉलिसीत कायदा राबवणाऱ्या यंत्रणांना माहिती देण्याचा अपवाद ठेवलेलाच आहे. तरीपण तीन स्टार देतोय, कारण ज्याला स्वतःहून टाकायचं त्याला सोपं आहे आणि काम करतं. स्वतःहून हा शब्द महत्त्वाचा.

कारण २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं फोन कंपन्यांना आदेश दिला की भारतात विकायच्या प्रत्येक फोनमध्ये हे ॲप आधीच टाकलेलं पाहिजे, ९० दिवसात. फोन पहिल्यांदा चालू केला की ते समोर दिसलं पाहिजे आणि त्याची फंक्शन्स बंद किंवा मर्यादित करता येता कामा नयेत. जे फोन बनून दुकानात, गोडाऊनमध्ये पडलेत त्यांच्यात सॉफ्टवेअर अपडेटमधून टाकायचं. हा आदेश लोकांसमोर चर्चेला आलाच नव्हता, कंपन्यांना गेला होता, बातमी फुटली तेव्हा आपल्याला कळलं. बोंब झाल्यावर २ डिसेंबरला मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले की नको असेल तर डिलीट करा. आदेशात तर फंक्शन्स बंद करता येऊ नयेत असं लिहिलेलं, मग दुकानदारानं गिऱ्हाईकाला काय सांगायचं, आदेशातलं का मंत्र्याच्या तोंडचं? ३ डिसेंबरला आदेश मागं घेतला. कारण काय दिलं, तर लोक आपणहून मोठ्या संख्येनं ॲप घ्यायलेत, एका दिवसात ६ लाख लोकांनी नोंदणी केली म्हणून सक्तीची गरज नाही. हेरगिरी होणार नाही, ती शक्यच नाही, असं लोकसभेत सांगितलं गेलं. पण लोकांच्या खाजगीपणाचा विचार करून मागं घेतोय असं कारण काही दिलं नाही, आणि म्हणून मी हे लिहायला बसलो, कारण ज्या कारणानं चूक झाली ते कारण मान्यच केलं नाही तर उद्या दुसऱ्या नावानं दुसरं ॲप यायला कितीक वेळ लागतो.

त्या दोन-तीन दिवसात दुकानात याच्यावर भरपूर बोलणं झालं. एक सर आहेत, आमचे जुने गिऱ्हाईक, ते म्हणाले, "अरे भैय्या, आपल्याकडं लपवण्यासारखं आहेच काय? चोराला भ्यायचं काम." मी त्यांना म्हणलं, सर तुमचा डिस्प्ले बदलायला दिला होता तेव्हा तुम्ही काय म्हणलात, माझ्यासमोरच बदल, मी बसतो इथं. मग काय लपवायचं होतं? ते काही बोलले नाहीत. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं, प्रत्येक जण असंच करतो आणि करायलाच पाहिजे. बाया-पोरी रिपेअरिंगला फोन देताना काउंटर सोडत नाहीत, पॅटर्न सांगताना दहा वेळा विचार करतात. एवढी वर्षं फोन उघडतोय, मला माहीत आहे फोनात काय काय असतं, दवाखान्याचे रिपोर्ट, सावकाराचे मेसेज, बहिणीच्या सोयरिकीचे फोटो, नवरा-बायकोचं भांडण, कुठल्या मोर्चाला जायचं त्या ग्रुपमधलं बोलणं. यातलं काहीच गुन्हा नाही आणि यातलं काहीच दुसऱ्यानं बघायचं नाही. माझ्या दुकानात गिऱ्हाईकाला मी पटलो नाही तर तो फोन उचलतो आणि शेजारच्या दुकानात जातो, मला नाही म्हणायचा त्याला हक्क आहे, म्हणूनच तो माझ्यावर विश्वास ठेवू शकतो. काढता न येणाऱ्या सरकारी ॲपच्या बाबतीत शेजारचं दुकान कुठाय?

आणि आज ते ॲप काही ऐकत नाही, बघत नाही, हे मी मानायला तयार आहे. पण ॲप म्हणजे एकदा केलेली वस्तू नसते, अपडेट येत राहतात. आज एक काम करणारं ॲप सहा महिन्यांनी अपडेटमधून दुसरं काम शिकू शकतं, आणि ते कोट्यवधी फोनमध्ये काढता न येणाऱ्या जागी बसलेलं असेल तर ते शिकलं का नाही हे तुम्ही आम्ही कसं बघणार. मी रिपेअरिंगवाला असून मला कळणार नाही.

आरोग्य सेतू आठवतं का? २ एप्रिल २०२० ला आलं, आपल्या इच्छेनं टाका म्हणून. १ मे ला गृह खात्याचा आदेश, सरकारी-खाजगी सगळ्या कर्मचाऱ्यांना कंपल्सरी. १७ मे ला परत भाषा मवाळ केली, शक्यतो टाकायला लावा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माहिती अधिकारात विचारलं की हे ॲप नेमकं बनवलं कोणी, तर सरकारी खात्यांना धड उत्तर देता येईना आणि केंद्रीय माहिती आयोगानं त्यांना नोटीस काढली. एवढ्या लोकांच्या फोनमध्ये असलेलं ॲप आणि त्याचा धनी सापडेना. तेव्हा आजारपण होतं, भीती होती, लोकांनी समजून घेतलं. प्रत्येक वेळी समजून घ्यायचं का?

कायदा काय म्हणतो ते पण थोडं लिहितो, मी वकील नाही पण हे सगळं छापून आलेलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, पुट्टस्वामी खटला. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार पाहिजे, हेतू योग्य पाहिजे, आणि जेवढ्यास तेवढंच केलेलं पाहिजे. आता ही तिसरी अट घ्या आणि संचार साथीला लावून बघा. चोरीचा फोन पकडायचा हा हेतू शंभर टक्के योग्य. पण तेच काम वेबसाईटनं आणि एका एसएमएसनं होत असेल तर प्रत्येकाच्या फोनात न निघणारं ॲप हे जेवढ्यास तेवढं कसं? माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, कोर्टाची भाषा बाजूला ठेवली तरी हाच आहे.

लोक म्हणतात लक्ष ठेवायला वरती समिती असते, गैरवापर होत नाही. फोन टॅपिंगचं बघा. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या खटल्यात सांगितलं की कोणाचाही फोन उगीच ऐकता येणार नाही, गृहसचिवाची ऑर्डर पाहिजे, मुदत पाहिजे, आणि त्या ऑर्डरी तपासायला आढावा समिती पाहिजे. कागदावर एकदम चोख. पुढं २०१८ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं, तीच डेटा कायद्याचा मसुदा करणारी समिती, आपल्या अहवालात लिहिलं की या आढावा समितीला एकेका बैठकीत १५ हजार ते १८ हजार ऑर्डरी तपासायच्या असतात. दोन महिन्यातून एकदा बैठक. तुम्हीच सांगा, एक ऑर्डर वाचायला किती सेकंद मिळत असतील. तरी कोर्टात गेलं तर फरक पडतो, ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानं एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगच्या ऑर्डरी रद्द केल्या, सार्वजनिक सुरक्षेचा काही संबंधच नव्हता म्हणून, आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. पण त्याला कळलं तरी की आपला फोन ऐकला गेलाय. बाकीच्यांना कळतच नाही, मग कोर्टात जाणार कोण?

मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, म्हणजे ॲपच्या आदेशाच्या दोनच आठवडे आधी. कंपन्यांनी तुमची माहिती कशी वापरायची याच्यावर बरीच बंधनं आहेत, चांगलं आहे. पण कलम १७ मध्ये केंद्र सरकारला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कुठल्याही सरकारी यंत्रणेला अख्ख्या कायद्यातून सूट द्यायचा अधिकार आहे. वर माहिती अधिकाराचं कलम ८ पण याच कायद्यानं बदललं, वैयक्तिक माहिती म्हणून सरळ नाही म्हणायची वाट मोकळी झाली. म्हणजे सरकारला तुमच्याबद्दल जास्त कळणार आणि तुम्हाला सरकारबद्दल कमी. रोजगार हमीची मस्टर, रेशनच्या याद्या असल्या गोष्टी माहिती अधिकारात काढूनच तर आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी चोऱ्या पकडल्या होत्या.

कोणी म्हणेल हे सगळं दिल्ली-मुंबईवाल्यांचं दुखणं आहे, मराठवाड्यात शेतकऱ्याला पाणी नाही आणि तुम्ही ॲपचं काय घेऊन बसलात. मला हे अजिबात पटत नाही. रस्त्यावर उतरल्याशिवाय मराठवाड्याला काय मिळालंय? पीक विमा असो, पाणी असो, आरक्षण असो, सगळ्या जातीची माणसं कधी ना कधी मोर्चात चालली आहेत आणि आजकाल मोर्चा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच ठरतो. २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात अंतरवाली सराटीत जरांगे पाटलांच्या मुक्कामाच्या घरावर ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या आल्या होत्या, विधानसभेत पण विषय निघाला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत जालना, बीड आणि संभाजीनगरमध्ये इंटरनेट बंद केलं होतं. त्या आंदोलनाबद्दल तुमचं मत काही का असेना, बाजूनं असेल, विरोधात असेल, आपल्या मागण्यांसाठी बसलेल्या माणसांवर कोणाची नजर आहे आणि कोणाच्या परवानगीनं, हे विचारायचा हक्क सगळ्यांचा सारखाच आहे. आज त्यांच्यावर, उद्या तुमच्या मोर्चावर.

आपल्या आज्या-पणज्यांना तर हे सांगायचीच गरज नव्हती. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण त्रेपन्न नावाचा हुकूम होता, सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा, कोण बोलणार, काय बोलणार. त्याच्याविरुद्ध लढूनच इथली माणसं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत पोचली आणि आपण दर वर्षी झेंडा फडकवतो.

आणि शेजारी हैदराबादला बघा, आपल्या लातूरची माणसं दवाखान्याला, खरेदीला कायम जातात तिथं. २०२१ मध्ये तिथं पोलीस रस्त्यावर लोकांना थांबवून व्हॉट्सॲप उघडायला लावून गांजा हा शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ आले होते. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांविरुद्ध तिथल्या एका कार्यकर्त्यानं याचिका केली आणि जानेवारी २०२२ मध्ये तेलंगणा हायकोर्टानं सरकारला नोटीस काढली. पोलिसांनी थांबवून मास्क काढायला लावला, फोटो घेतला, का घेतला ते सांगितलं नाही, एवढ्यावरून तो माणूस कोर्टात गेला. मला त्याचं कौतुक वाटतं. आपल्यातले किती जण फोटो का काढताय एवढं तरी विचारतात?

सरकारची बाजू पण लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस बनून धमकावायच्या, नावाखाली रिटायर माणसांची आयुष्यभराची कमाई जातीय, खोट्या आयएमईआयचे फोन फसवणुकीला वापरले जातात, चोरीचा फोन विकत घेऊन गरीब पोरगं उगीच पोलीस केसमध्ये अडकतं. हे सगळं मी डोळ्यानं बघतोय आणि याच्यावर काम व्हायलाच पाहिजे. म्हणून तर वेबसाईटला साडेचार दिलेत. पण मग एसएमएसची सोय गावागावात सांगा, ग्रामपंचायतीत बोर्ड लावा, ठाण्यात या कामाला एक माणूस बसवा, सिम विकणाऱ्याला जबाबदार धरा. ब्लॉक फोन मालकाला परत द्यायचं प्रमाण वाढवा, लोक स्वतःहून रांग लावतील. आणि सरकारी ॲप द्यायचंच असेल तर कोड बाहेरच्या तज्ज्ञांना तपासू द्या, कुठली माहिती किती दिवस ठेवणार ते लिहून द्या, आणि काढायचं बटण फोनवर राहू द्या. यातली एकही गोष्ट चोराच्या फायद्याची नाही.

आता ज्यांनी ॲप टाकलंय त्यांच्यासाठी. घाबरून लगेच काढायची गरज नाही. सेटिंगमध्ये जा, ॲप्स, संचार साथी, परमिशन, तिथं कॉल लॉग, एसएमएस, फोटो, कॅमेरा जे लागत नाही ते बंद करा, काम पडलं की तेवढ्यापुरतं चालू करा. हेच बाकीच्या ॲपलाही करा, लोन देणाऱ्या आणि टॉर्चच्या ॲपला तर पहिलं. ज्यांनी टाकलेलं नाही त्यांनी वेबसाईटच वापरा, फक्त पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघून घ्या, सारख्या दिसणाऱ्या नकली लिंकवरून आधार नंबर देऊन बसू नका. नवा फोन घेतला तर दुकानातच आधीच टाकलेल्या ॲपची यादी उघडून बघा, सरकारी असो का कंपनीचं, आणि डिलीट होतंय का ते विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर त्याला करून दाखवायला लावा.

आणि लातूर-औसा-रेणापूर भागात कोणाचा फोन गेला असेल आणि वेबसाईट जमत नसेल तर तक्रारीची कॉपी, बिल किंवा बॉक्स, ओळखपत्र आणि डुप्लिकेट सिम घेऊन दुकानात या. रिक्वेस्ट भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही. सिम घेतल्यावर एक दिवस जाऊ द्या आणि मग या.